राजा अली खान : दगडावरचा शजरा आणि गोदाकाठची रात्र

रमजानच्या रात्री इशाच्या नमाजनंतर पहूरच्या मशिदीत तरावीह सुरू होते. दिवसभर शेतात, दुकानात, बसस्थानकावर राबलेली माणसं एका इमामामागे खांद्याला खांदा लावून उभी राहतात आणि महिनाभरात सारं कुरआन ऐकून होतं. तरावीहची नमाज प्रेषितांच्या काळापासूनची आहे. मात्र सगळ्यांनी एकाच इमामामागे ती रोज सामुदायिकपणे पढावी, ही व्यवस्था दुसरे खलिफा हजरत उमर (रजि.) यांनी लावून दिली. मदिनेच्या मशिदीत लोक कुणी एकटे, कुणी चार-पाच जणांच्या घोळक्यात नमाज पढत होते. हजरत उमर यांनी हजरत उबय बिन कआब यांना पुढे उभं केलं आणि सगळ्यांना त्यांच्या मागे एका जमातीत आणलं. रमजानच्या रात्रीचं आज दिसणारं हे रूप तेव्हापासूनचं.

हजरत उमर यांचा किताब होता 'फारूक', म्हणजे खरं आणि खोटं वेगळं करून दाखवणारा. हाच शब्द पुढे खानदेशाच्या इतिहासात आला आणि दोनशे वर्षांहून अधिक काळ राहिला. १३८२ ते १६०१ या काळात थाळनेर, बऱ्हाणपूर आणि असीरगड इथून तापीच्या खोऱ्यावर राज्य करणारं घराणं स्वतःला फारुकी म्हणवत असे, कारण आपण हजरत उमर यांचे वंशज आहोत असा त्यांचा दावा होता. पहूरहून दक्षिणेला फर्दापूर आणि पुढे अजिंठ्याचा घाट लागतो. घाटाखालचा मुलूख या फारुकींचा, घाटावरचा अहमदनगरच्या निजामशाहीचा. पहूर होतं राज्याच्या दक्षिण कडेला. बऱ्हाणपूरहून दौलताबादेकडे जाणाऱ्या फौजा, व्यापारी आणि फकीर याच अजिंठ्याच्या वाटेने घाट चढत.

या घराण्याचा शेवटचा मोठा राजा म्हणजे राजा अली खान. त्याच्या नावावर एक भव्य मशीद आहे, मशिदीत दगडावर कोरलेली वंशावळ आहे, आणि त्याच्या मरणाची एक हकिकत आहे. त्याचं आयुष्य समजून घ्यायचं तर वंशावळ आणि मरण या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्या लागतात.

आधी भाकरी, मग वंश

फारुकींचा मूळ पुरुष मलिक राजा. त्याचा उदय कसा झाला, याची हकिकत इतिहासकार फरिश्ता याने दिली आहे. दिल्लीचा सुलतान फिरोजशाह तुघलक गुजरातच्या बाजूला शिकारीसाठी आला होता. शिकारीच्या नादात तो आपल्या छावणीपासून फार दूर गेला. भुकेने व्याकूळ होऊन तो एका ठिकाणी विसावला असताना थोडे स्वार आणि शिकारी कुत्रे घेऊन फिरणारा एक तरुण त्याला दिसला. सुलतानाने खायला मागितलं. तरुणाने आपल्याजवळचं साधं अन्न पुढे ठेवलं. जेवण झाल्यावर सुलतानाने त्याला विचारलं की तू कोण, कुणाचा. तेव्हा त्याचा बाप एके काळी दिल्ली दरबारातला मोठा उमराव होता हे कळलं. सुलतान खूश झाला आणि त्याने १३७० मध्ये थाळनेर आणि करवंदचा मुलूख त्याला जहागीर म्हणून दिला.

हकिकतीतला क्रम असा आहे की अन्न आधी दिलं गेलं आणि वंशाची चौकशी नंतर झाली. बापाचं नाव मोठं निघालं म्हणून बक्षीस मोठं झालं असेल, पण दार उघडलं ते भुकेल्याला दिलेल्या घासाने.

पुढे १३८२ च्या सुमारास मलिक राजा स्वतंत्रपणे वागू लागला. दौलताबादचे सूफी संत शेख जैनुद्दीन शिराजी यांचा तो मुरीद. १३९९ मध्ये तो वारला. शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेरला फारुकींच्या कबरी आहेत, त्यात त्याचीही कबर आहे. त्याचा मुलगा नसीर खान याने असीरगड घेतला आणि तापीच्या दोन काठांवर दोन गावं वसवली. एकाला खुलताबादचे संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या नावावरून बुऱ्हानपूर म्हटलं गेलं, दुसऱ्याला शेख जैनुद्दीन यांच्या नावावरून जैनाबाद. आपल्या राजधानीला स्वतःचं नाव न देता फकिराचं नाव देणारे राजे तसे थोडेच. या घराण्यातल्या राजांना 'खान' ही पदवी होती, म्हणून हा खानांचा देश, खानदेश, असं एक मत आहे. या नावाच्या इतर व्युत्पत्तीही सांगितल्या जातात.

गादीवर आलेला काका

राजा अली खान हा मिरान मुबारकशाहचा मुलगा. १५६६ मध्ये मुबारकशाह वारल्यावर थोरला भाऊ मिरान मुहम्मदशाह गादीवर बसला. १५७६ मध्ये तोही गेला. दरबारातल्या काही सरदारांनी त्याच्या लहानग्या मुलाला, हसन खानाला, गादीवर बसवलं. पण हे फार दिवस टिकलं नाही. पुतण्याला बाजूला करून काका राजा अली खान राजा झाला आणि त्याने आदिलशाह हे नाव धारण केलं.

हे वाचून आज आपल्याला खटकतं. त्या काळच्या राजघराण्यांत मात्र असं वारंवार घडत होतं, कारण गादी कुणाला मिळावी याचा पक्का नियम नव्हता. थोरला मुलगा, धाकटा मुलगा, भाऊ, पुतण्या या सगळ्यांच्या अंगात तेच रक्त, म्हणून सगळेच हक्कदार. ज्याच्या मागे सरदार आणि फौज, तो राजा. फारुकींनी यावर एक कठोर उपाय शोधला होता. राज्य करणाऱ्याचे भाऊबंद आणि घराण्यातले इतर पुरुष असीरगडावर नजरकैदेत ठेवायचे, असा रिवाज त्या काळच्या इतिहासकारांनी नोंदवला आहे. त्यांना खायला-प्यायला मिळे, बायका-मुलं सोबत असत, पण गडाखाली उतरता येत नसे. ज्या वंशाचा अभिमान दरबारात मिरवला जाई, त्याच वंशात जन्मलेल्यांना गडावर कोंडून ठेवावं लागे.

राजा अली खानाच्या वाट्याला अवघड काळ आला. उत्तरेला अकबर बादशहाचं साम्राज्य नर्मदेपर्यंत आलेलं, पश्चिमेला गुजरात मोगलांनी घेतलेलं, दक्षिणेला अहमदनगर, त्यापलीकडे विजापूर आणि गोवळकोंडा. या सगळ्यांच्या मधोमध खानदेश. दिल्ली-आग्र्याहून दख्खनेत उतरायचं तर असीरगडाच्या पायथ्याशी असलेल्या खिंडीतून यावं लागे, म्हणून लोक त्याला दख्खनचं दार म्हणत. त्या दाराची किल्ली राजा अली खानाच्या हाती होती, आणि किल्ली हाती असणाऱ्या लहान माणसाला दोन्ही बाजूंनी धाक असतो.

त्याने एकवीस वर्षं हे दार सांभाळलं. मोगलांना नजराणा दिला, अकबराचं मोठेपण मान्य केलं, पण दख्खनच्या सुलतानांशी नातंही तोडलं नाही. १५८६ च्या सुमारास अकबराचा सरदार मिर्झा अजीज कोका वऱ्हाडात घुसला, तेव्हा राजा अली खान अहमदनगरच्या फौजेसोबत त्याच्याविरुद्ध उभा राहिला. अजीज कोकाने एलिचपूर लुटलं, पण पाठलाग होताच त्याला नंदुरबारच्या वाटेने गुजरातेत परत जावं लागलं. १५९१ मध्ये अहमदनगरच्या गादीचा वाद पेटला, तेव्हा राजा अली खानाने बुऱ्हान निजामशाहची बाजू घेतली. बुलढाणा जिल्ह्यातल्या रोहिणखेडजवळ लढाई झाली, विरोधी सेनापती जमाल खान मारला गेला आणि बुऱ्हान निजामशाह गादीवर बसला. त्याच वर्षी अकबराने आपला आवडता कवी फैजी याला वकील म्हणून दख्खनेत पाठवलं. फैजी आधी बऱ्हाणपूरला राजा अली खानाकडे आला आणि मग अहमदनगरला गेला. दख्खनेत काही घडवायचं तर बऱ्हाणपूरच्या या राजाला विचारावं लागे, हे आग्र्यालाही कळून चुकलं होतं.

समकालीन लेखक त्याला शहाणा, न्यायी आणि विद्वानांच्या सहवासात रमणारा राजा म्हणतात. दरबारी इतिहासकार राजांची स्तुती करतात हे खरं. पण राजा अली खानाने एक पुरावा असाही मागे ठेवला, जो आज कुणालाही जाऊन पाहता येतो.

मशिदीतली संस्कृत वंशावळ

बऱ्हाणपूरच्या भर बाजारपेठेत जामा मशीद उभी आहे. पंधरा कमानींची काळ्या दगडाची ही इमारत, दोन उंच मिनार, पुढे मोठं अंगण. ती राजा अली खानाने बांधली. आत भिंतीवर अरबी लेख आहे आणि त्याच्या सोबत देवनागरी अक्षरांत संस्कृत लेख आहे. मशिदीच्या आत संस्कृत पाहून नवखा माणूस क्षणभर थबकतो.

लेखाच्या सुरुवातीला सृष्टीच्या निर्मात्याला वंदन आहे. तो निर्माता अव्यक्त, सर्वव्यापी आणि गुणांच्या पलीकडचा आहे, असं त्याचं वर्णन येतं. मौलवीला त्यात तौहीद दिसावी आणि शास्त्रीबुवांनाही त्यात काही परकं वाटू नये, अशी ती शब्दयोजना आहे. मग फारुकी वंशाचं नाव येतं आणि राजांची मालिका सुरू होते. शेवटी तिथी येते : संवत १६४६, शके १५११, पौष शुद्ध दशमी, सोमवार. सोबत नक्षत्र, योग, करण असं पंचांगाचं सगळं तपशीलवार दिलेलं आहे. इंग्रजी तारखेने तो दिवस ५ जानेवारी १५९० येतो. मुबारकशाहचा मुलगा एदलशाह याने आपल्या धर्माच्या पालनासाठी ही मशीद बांधली, असं लेख सांगतो. मशिदीला त्यात 'मसीति' म्हटलं आहे. आदिलचा आपल्याकडचा उच्चार एदल. मुक्ताईनगरचं जुनं नाव एदलाबाद होतं, त्यातही हाच उच्चार आहे. असीरगडावरच्या जामा मशिदीतही त्याच्या काळचा असा संस्कृत लेख आहे.

राजाला संस्कृत लेखाची गरज का वाटली असावी? त्याची बहुसंख्य प्रजा हिंदू होती. बाजारपेठेतले सावकार, गावोगावचे पाटील-कुलकर्णी, तापीकाठचे विणकर यांना अरबी वाचता येत नव्हतं. आपण कोण, कुणाचे, हे त्यांच्या पंचांगाच्या आणि त्यांच्या पंडितांच्या भाषेत सांगावं, असं त्याला वाटलं असणार. कारण वंशावळ ही दोन्हीकडच्या माणसांना कळणारी गोष्ट होती. खानदेशात आजही काही समाजांत भाट येतात, पोथी उघडून सात-आठ पिढ्यांची नावं वाचून दाखवतात आणि नवजात मुलाचं नाव त्यात लिहून घेतात. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्यांत यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद असते. मुसलमान घरांत त्याच कागदाला शजरा म्हणतात.

कोरलेली नावं, गाळलेली नावं

या दगडी शजऱ्यात सात नावं आहेत. मलिक राजा, त्याचा मुलगा गजनी म्हणजेच नसीर खान, त्याचा मुलगा कैसर खान, त्याचा हसन, त्याचा आदिलशाह, त्याचा मुबारकशाह आणि शेवटी बांधणारा स्वतः आदिलशाह, म्हणजे राजा अली खान.

फारुकी राजांची यादी शेजारी ठेवली की नवल वाटतं. यातल्या कैसर खानाने आणि हसनने कधीच राज्य केलं नाही. उलट ज्यांनी राज्य केलं त्यांतल्या कित्येकांची नावं इथे नाहीत. नसीर खानानंतर त्याच्या दुसऱ्या मुलाची शाखा गादीवर होती. त्या शाखेतल्या दुसऱ्या आदिल खानाची कारकीर्द चाळीस वर्षांहून अधिक होती आणि खानदेशाच्या भरभराटीचा काळ म्हणून ती ओळखली जाते. तो या लेखात नाही. ती शाखा संपल्यावर १५०९ मध्ये गुजरातच्या महमूद बेगड्याने आपल्या मुलीच्या मुलाला, हसनच्या मुलाला, थाळनेरला गादीवर बसवलं आणि राज्य या धाकट्या शाखेकडे आलं. राजा अली खान त्या शाखेचा. म्हणून त्याने राजांची यादी दिली नाही, आपल्या बापजाद्यांची दिली. बापापासून बापापर्यंत थेट रेघ ओढली.

त्या रेघेत थोरला भाऊ बसत नव्हता, आणि ज्याच्या हातून राज्य घेतलं तो पुतण्याही बसत नव्हता. लेखात खोटं असं काही नाही. प्रत्येक नाव खरं आहे. तरीही वाचणाऱ्याला वाटावं की मलिक राजापासून राज्य हातोहात सरळ इथवर आलं. वंशावळी बहुतेक वेळा खोटं लिहून फसवत नाहीत, काही नावं न लिहून फसवतात.

हे फक्त फारुकींचं नाही. ज्या वर्षी बऱ्हाणपूरला हा लेख कोरला जात होता, त्याच सुमारास इंग्लंडात राणी एलिझाबेथचं राज्य होतं आणि राजघराण्याचे हेरल्ड म्हणवणारे अधिकारी जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरत होते. सरदार आणि जमीनदार घराण्यांना बोलावून ते त्यांचं कुलचिन्ह आणि वंशवृक्ष तपासत. ज्याला पुरावा देता येत नसे, त्याला चिन्ह वापरण्याची मनाई होई. १५३० पासून दीडशेहून अधिक वर्षं ही तपासणी चालू होती. नव्याने श्रीमंत झालेल्या माणसाला आपलं मूळ १०६६ मध्ये विल्यम राजासोबत नॉर्मंडीहून आलेल्या शूर योद्ध्यापर्यंत नेऊन हवं असे, आणि पैसे मोजले की तसा वंशवृक्ष तयार करून देणारेही भेटत. राणीचा मुख्य मंत्री लॉर्ड बर्ली हाही वंशावळींचा मोठा शौकीन होता. पुढे १८२६ पासून बर्क यांचा उमराव घराण्यांचा कोश छापून निघू लागला आणि त्यातल्या कित्येक वंशवृक्षांची मुळं हवेत आहेत, हे होरेस राउंड नावाच्या इतिहासकाराने दाखवून दिलं.

इंग्रज उमरावांत एक वेगळा नियम होता. पदवी आणि जमीन बहुधा थोरल्या मुलालाच मिळे. धाकट्यांनी फौजेत, चर्चमध्ये, वकिलीत किंवा व्यापारात नशीब काढायचं. हा नियम धाकट्यांवर अन्याय करणारा होता, पण त्यामुळे भावांना गडावर कोंडायची वेळ येत नसे. ते दूरदेशी जात. त्यातले पुष्कळ पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आले.

गोदाकाठची रात्र

१५९५ मध्ये मोगल फौज अहमदनगरवर चालून आली. शहजादा मुराद आणि खानेखाना अब्दुर्रहीम तिचे प्रमुख. इतकी वर्षं दोन्ही तराजूत पाय ठेवून उभ्या असलेल्या राजा अली खानाला आता एक बाजू घ्यावी लागली. तो आपली फौज घेऊन मोगलांसोबत गेला. अहमदनगरच्या किल्ल्यात चांदबिबीने वेढा झुंजवला आणि १५९६ मध्ये वऱ्हाड देऊन तह केला. पण तह टिकला नाही. विजापूरचा सेनापती सुहैल खान मोठी फौज आणि तोफखाना घेऊन उत्तरेकडे निघाला. अहमदनगर आणि गोवळकोंड्याची माणसं त्याला मिळाली.

फेब्रुवारी १५९७ मध्ये गोदावरीच्या खोऱ्यात, परभणीकडच्या सोनपेठ परिसरात दोन्ही फौजा भिडल्या. इतिहासात ती आष्टीची लढाई म्हणूनही ओळखली जाते. राजा अली खान आपल्या खानदेशी तुकडीसह मोगलांच्या एका बगलेवर होता. समोरून विजापूरच्या तोफांचा मारा सुरू झाला. त्याची तुकडी मागे हटली नाही. त्याच्यासोबत पस्तीस नामांकित सरदार आणि पाचशे निष्ठावंत शिपाई पडले, अशी नोंद अकबराच्या दरबारी इतिहासात आहे.

अंधार पडला. धूर, धूळ आणि गोंधळ यांत कुणाला कुणाचा पत्ता नव्हता. खानदेशची तुकडी दिसेना, तिचा राजा दिसेना. मोगल छावणीत कुणीतरी म्हणालं की तो दख्खन्यांना जाऊन मिळाला. हे सगळ्यांना पटायला वेळ लागला नाही. ज्याने वीस वर्षं दोन्हीकडे संबंध ठेवले, त्याच्याबद्दल असा संशय यायला पुरावा लागत नाही. संतापलेल्या मोगल शिपायांनी राजा अली खानाची छावणी लुटली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लढाई झाली आणि खानेखानाचा विजय झाला. मग रणांगणावर मढी पाहताना राजा अली खानाचं प्रेत सापडलं. तो पळाला नव्हता. आदल्या दिवशी जिथे उभा केला होता, तिथेच पडला होता. ज्यांनी रात्री त्याचे तंबू लुटले, त्यांना सकाळी मान खाली घालून त्याचं प्रेत उचलावं लागलं. ते बऱ्हाणपूरला आणून सन्मानाने दफन करण्यात आलं.

त्या रात्री त्याची सात पिढ्यांची वंशावळ कुणाच्या कामी आली नाही. फारुकी आहे म्हणून कुणी विश्वास ठेवला नाही. खलिफांच्या वंशातला माणूस दगा देणार नाही, असं कुणी म्हटलं नाही. त्याची बाजू शेवटी सिद्ध केली ती त्याच्या प्रेताच्या जागेने.

शजरा उरला, राज्य गेलं

राजा अली खानाचा मुलगा बहादुरशाह गादीवर आला. त्याला बापाचं धोरण जमलं नाही. शहजादा दानियाल बऱ्हाणपूरवरून जात असताना तो भेटीला गडाखाली उतरला नाही. अकबर स्वतः दख्खनेत आला आणि असीरगडाला वेढा पडला. कित्येक महिन्यांनंतर, जानेवारी १६०१ मध्ये, गड मोगलांच्या ताब्यात गेला. बहादुरशाहला कैद करून ग्वाल्हेरला पाठवलं. असीरगडावर कोंडलेले भाऊबंदही मोगलांच्या हाती लागले. खानदेशला दानियालच्या नावावरून काही काळ दानदेश म्हटलं गेलं. राजा अली खानाने बांधलेल्या जामा मशिदीतच अकबराच्या विजयाचा फारसी लेख कोरण्यात आला. एकाच मशिदीत एका राजाची वंशावळ आहे आणि ते राज्य जिंकल्याची नोंदही आहे.

तीन वर्षांनी, १६०४ मध्ये, इतिहासकार फरिश्ता बऱ्हाणपूरला आला. विजापूरच्या शहजादीचा विवाह दानियालशी ठरला होता आणि तो वधूसोबतच्या मंडळींत होता. फारुकींचा इतिहास कुठे लिहिलेला आहे का, अशी त्याने चौकशी केली. त्याला हाती लागला तो त्यांच्या ग्रंथसंग्रहातला शजरा. मलिक राजापासून मागे जात, बल्खच्या इब्राहिम यांच्यावरून, तो हजरत उमर यांच्यापर्यंत पोचवलेला होता. फरिश्त्याने तो आपल्या ग्रंथात उतरवून घेतला. मधल्या सातशे वर्षांच्या त्या दुव्यांवर पुढच्या इतिहासकारांनी शंका घेतल्या आहेत. हेरल्डच्या वहीतल्या नॉर्मन योद्ध्यांसारखंच हे झालं. मूळ जितकं मोठं, तितका मधला धागा बारीक.

फरिश्त्याचा हा ग्रंथ इंग्रजीत आणला तो जॉन ब्रिग्ज याने. पेशवाई बुडाल्यावर १८१८ मध्ये खानदेशात आलेला कंपनीचा पहिला अधिकारी हाच. धुळ्याला जिल्ह्याचं ठाणं त्याच्या वेळी झालं. त्याचं भाषांतर १८२९ मध्ये लंडनला छापलं गेलं आणि फारुकींचा शजरा लंडनच्या वाचकांच्या हाती पडला.

या साऱ्या कथेत एक माणूस अजून बोलावून आणायला हवा. तो म्हणजे ज्यांच्या नावावर हा वंश उभा राहिला ते हजरत उमर. त्यांच्यावर फजरच्या नमाजच्या वेळी खंजिराचा वार झाला. मृत्युशय्येवर असताना पुढचा खलिफा कोण, हा प्रश्न आला. त्यांचे सुपुत्र हजरत अब्दुल्लाह बिन उमर विद्वान आणि परहेजगार होते. काहींनी त्यांचं नाव सुचवलं. हजरत उमर यांनी ते मान्य केलं नाही. सहा ज्येष्ठ साथीदारांची समिती नेमली आणि आपल्यातून एकाची निवड करण्याचं काम तिच्यावर सोपवलं. मुलाला सल्ला देण्यापुरतं बसता येईल, खिलाफत त्याला मिळणार नाही, असं बजावलं. राज्य बापाकडून मुलाकडे जाणारी मिळकत नव्हे, असा त्यांचा निर्णय होता. त्यांच्या नावाने मग साडेसातशे वर्षांनी तापीकाठी एक घराणं उभं राहिलं आणि त्यात काकाने पुतण्याला उठवलं, भावांना गडावर ठेवलं.

इस्लामने वंश नाकारलेला नाही. नाती सांभाळणं, वारसाहक्क देणं, आई-बाप ओळखणं यासाठी वंश लागतोच. माणसांच्या जाती-जमाती एकमेकांची ओळख पटावी म्हणून आहेत, श्रेष्ठत्व फक्त सदाचाराचं, ही कुरआनची शिकवण आहे. अखेरच्या हजच्या प्रवचनात प्रेषितांनी अरब आणि बिगर अरब, गोरा आणि काळा यांतला उच्चनीच भाव मिटवला. ज्याची करणी त्याला मागे ठेवते, त्याला त्याचा वंश पुढे नेत नाही, अशा अर्थाचं वचनही हदीसमध्ये आहे. शजरा जपावा, मुलांना आजोबा-पणजोबांची नावं पाठ असावीत, यात गैर काही नाही. तो दाखवून पुढच्या सफमध्ये जागा मात्र मागता येत नाही.

बऱ्हाणपूरची जामा मशीद आजही नमाजींनी भरते. रमजानमध्ये तिथेही हजरत उमर यांनी लावून दिलेल्या पद्धतीने तरावीह होते. जो आधी येतो तो पुढच्या सफमध्ये उभा राहतो, विणकर असो की व्यापारी. भिंतीवर सात नावांचा संस्कृत लेख तसाच आहे. भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या गाडीने बऱ्हाणपूरला उतरणाऱ्या कुणालाही, तो कुठल्याही धर्माचा असो, तो पाहता येतो. वाचताना कोरलेली सात नावं पाहावीत, न कोरलेली आठवावीत, आणि गोदाकाठी आपली जागा न सोडता पडलेल्या सातव्या माणसासाठी क्षणभर थांबावं.